पिशवीभर ओली पानं आणि पाणचट सूप

‘प्रिय ताई,

पानगळ सुरू झाली की मला दरवर्षी हुरूप येतो आणि दरवर्षी तो आठवड्याभरात मावळतो. यंदा म्हटलं, नेटानं करायचं. फोनवर बघून बघून बावीस गोष्टींची यादी काढली, हस्तकलेच्या सामानाची मोठी पेटी मागवली. पहिल्याच रविवारी पावसाची सर ओसरल्यावर मुलांना घेऊन पिशवीभर रंगीत पानं गोळा केली आणि मासिकांत दाबून ठेवली. चार दिवसांनी उघडून पाहिलं तर पानं काळी पडलेली, वर बुरशीचा वास. त्याच संध्याकाळी भोपळ्याचं सूप केलं, तेही पाणचट. मोठा चौदा वर्षांचा आहे. “हे लहान मुलांचं आहे,” म्हणून तो खोलीत निघून गेला. आठ वर्षांची धाकटी गोंदात हात बरबटवून रडत बसली. नवरा म्हणाला, “बाहेरचा कचरा घरात कशाला?”

मी घरूनच काम करते. साडेपाचला अंधार पडतो आणि मग झोपेपर्यंत आम्ही चौघं चार कोपऱ्यांत, चार पडद्यांपुढे. मला प्रदर्शन मांडायचं नाहीये हो. ऋतू घरात जाणवावा एवढंच वाटतं. माझं काही चुकतंय का? आणि त्या पेटीचं काय करू?

तुमची,
हिरमुसलेली’

प्रिय हिरमुसलेल्या मैत्रिणी,

नवऱ्याचं वाक्य तुम्हाला लागलं असणार, पण आधी त्याची बाजू घेते. ओल्या पानांची पिशवी म्हणजे कचराच. तुमची हौस खोटी नव्हती, मुहूर्त चुकला. पाऊस नुकताच ओसरलेला, पानं चिंब आणि वर मासिकाचा गुळगुळीत कागद. तो कागद पाणी शोषतच नाही. पान त्यात सुकत नाही, उबतं. उबलेल्या पानाचं आणखी काय होणार?

झाड पान टाकतं तेव्हा खूप हिशेबानं टाकतं. आधी हरितद्रव्य मोडतं आणि पानातला नायट्रोजन जमेल तेवढा काढून खोडात, फांद्यांत परत नेतं. हिरवा रंग ओसरला की खालचा पिवळा दिसू लागतो. तो नवा नसतो, उन्हाळाभर हिरव्याखाली दबलेला असतो. लाल रंगाचं तसं नाही. तो बहुतेक झाडं शेवटच्या दिवसांत पानातल्या साखरेपासून नव्यानं बनवतात. म्हणून ज्या वर्षी दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा (पण गोठवणारा नव्हे) असतो, त्या वर्षी लाल रंग जास्त खुलतो. सगळं आवरून झालं की देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो, वाट बंद होते आणि पान गळतं. आपल्या हातात येतं ते असं आवरासावर झालेलं पान. पाणी मात्र त्यात अजून असतं. ते भराभर निघून गेलं तर रंग टिकतो, रेंगाळलं तर पान तपकिरी पडतं, मग काळं. पानं टिकवायची सारी कला एवढीच आहे, आणि तिला पेटी लागत नाही.

तेव्हा पुन्हा करा, पण पिशवी न घेता. दोन दिवस कोरडे गेले की दुपारी बाहेर पडा. दव वाळलेलं असू दे. प्रत्येकानं पाचच पानं आणायची. पाच म्हटलं की माणूस निवडायला लागतं, पिशवी म्हटलं की नुसतं भरत सुटतं. नुकतं पडलेलं, अजून लवचीक, डाग असला तरी चालेल असं पान घ्या. कुरकुरीत झालेलं तिथंच राहू द्या, ते सपाट होणार नाही, मोडेल. जाड, रसरशीत पानंही सोडा.

घरी आल्यावर प्रत्येक पान सुती फडक्यानं दोन्ही बाजूंनी टिपून घ्या. देठ फार जाड असेल तर तेवढाच कापा, कारण तो दाब स्वतःवर घेतो आणि आजूबाजूचं पान सुरकुततं. मग साध्या वर्तमानपत्राचे चार-पाच थर, त्यावर एकमेकांना न चिकटतील अशी पानं, वर पुन्हा चार-पाच थर आणि त्यावर घरातली सगळ्यांत जड पुस्तकं. पुस्तकांच्या आत नव्हे, पुस्तकांच्या खाली. माझ्या शब्दकोशात मी एकदा ओली पानं ठेवली होती. ‘प’ची चार पानं अशी चिकटली की मला आजही ‘पानगळ’ शब्दापर्यंत पोचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी कागद बदला. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथंच फसतात. पहिल्या चोवीस तासांत कागद इतका दमट होतो की हाताला गार लागतो. तो काढून कोरडा घाला, दोन दिवसांनी आणखी एकदा. आठ-दहा दिवसांनी पान उचलून कानाजवळ हलवा. कागदासारखा आवाज आला की झालं. आठ वर्षांच्या मुलीला हे कागद बदलायचं काम दिलंत तर गोंदाची आठवणही होणार नाही.

एवढा धीर नसेल त्या दिवशी इस्त्री आहे. दोन साध्या कागदांमध्ये पान, वाफ बंद, आच मध्यमाच्याही खाली, आणि एका जागी पाच-सात सेकंद दाबून उचलायची. घासत न्यायची नाही. रंग थोडा मंदावतो, पण संध्याकाळच्या आत पान हातात येतं.

तुमच्या यादीत ग्लिसरीनचा प्रयोग असणार, तो असतोच. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग कोमट पाणी, त्यात फांदी दोन-तीन आठवडे उभी ठेवायची. फांदी ते पाणी ओढून घेते आणि पानं मऊ राहतात. मला त्याची फारशी हौस नाही. कारण देठाची वाट बंद झालेल्या पानात ग्लिसरीन चढतच नाही, म्हणजे पूर्ण रंगलेल्या फांदीवर हा प्रयोग फुकट जातो. ज्यांच्यावर चालतो ती हिरवी पानं हळूहळू तपकिरी होतात. तपकिरी पानंच हवी असतील तर तीन आठवडे कशाला घालवायचे?

मेणाचं मात्र जरूर करा, मोठा मुलगा सोबत असेल तर. सुकलेलं पान वितळलेल्या मेणात बुडवलं की त्यावर पातळ कवच चढतं आणि रंग कितीतरी आठवडे तजेलदार राहतो. मेण कधीही थेट आचेवर ठेवायचं नाही, पेट घेतं. एका भांड्यात पाणी उकळायचं, आत दुसरं भांडं ठेवायचं आणि त्यात मेण. मधमाश्यांचं मेण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे उकळत्या पाण्याची ऊब त्याला पुरून उरते. देठ धरायचा, पान एकदाच बुडवायचं, वर काढून थेंब निथळू द्यायचा आणि हात स्थिर ठेवून मनात दहा मोजायचे. उरलेलं मेण बेसिनमध्ये ओतू नका. ते नळीत जाऊन गोठतं आणि मग ऋतू वेगळ्याच तऱ्हेनं लक्षात राहतो.

आता तुमच्या पत्रातल्या खऱ्या दुखण्याकडे येते. पानं आणि सूप ही निमित्तं आहेत. तुमचं दुखणं साडेपाच वाजता सुरू होतं.

विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे उत्तर गोलार्धात 22-23 सप्टेंबरच्या सुमाराला, दिवस सगळ्यांत वेगानं लहान होत असतात. काल याच वेळी खिडकीत उजेड होता, आज नाही. शरीराला ते आपल्या आधी कळतं. अंधार पडला की ज्याला जिथे उजेड दिसेल तिथे तो जातो, आणि तुमच्या घरात उजेड आहे तो पडद्यांचा. मुलांना “फोन ठेव” म्हणून तो उजेड हलणार नाही. उजेड आणि ऊब दुसरीकडे सरकवावी लागेल. माझ्या मते ते काम भट्टीचं, म्हणजे तुमच्या ओव्हनचं. ओव्हन नसेल तर जाड बुडाचं पातेलं आणि मंद आच.

आठवड्यातून एक संध्याकाळ धरा. रोज नको, रोजचं ओझं होतं. सव्वापाचला, अंधार पडायच्या आधी, पाऊण तास लागेल असं काहीतरी भाजायला टाका. पाऊण तास मुद्दाम सांगते. झटपट होणारा पदार्थ लोकांना ताटावर बोलावतो आणि सोडून देतो. सावकाश भाजणाऱ्या पदार्थाचा वास विसाव्या मिनिटाला खोल्यांमध्ये शिरतो, तिसाव्याला कुणीतरी “काय चाललंय?” विचारत येतं, आणि आलेल्या माणसाच्या हातात सुरी द्यायला तुमच्याकडे अजून पंधरा मिनिटं उरलेली असतात.

सुरुवात त्याच भोपळ्यानं करा, सूड म्हणून का होईना. तुमचं सूप पाणचट झालं कारण तुम्ही फोडी पाण्यात उकडल्या असणार. भोपळ्यात मुळात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यात आणखी पाणी घालून त्याची चव कशी वर येईल? उकडायचा नाही, भाजायचा. मधोमध चिरून दोन भाग करा, बिया आणि दोरे चमच्यानं खरवडून काढा, कापलेल्या बाजूला तेलाचा हात फिरवा, मीठ लावा आणि ती बाजू ओव्हनच्या ट्रेवर खाली येईल असा ठेवा. 200 अंश, चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं. साल सुरकुतली आणि सुरी लोण्यात शिरावी तशी शिरली की बाहेर काढा. उलटून बघा, कडा तांबूस आणि चिकट झालेल्या असतील. ती चव उकडलेल्याला कधी येत नाही.

तोवर कांदा उभा चिरून मंद आचेवर ठेवा. वीस मिनिटं, झाकण न ठेवता, मधूनमधून हलवत. घाई केलीत तर कडा जळतील आणि पोट कच्चं राहील. भाजलेल्या भोपळ्याचा गर चमच्यानं काढून कांद्यात घाला, आल्याचा तुकडा किसून टाका आणि पाणी अर्धा अर्धा पेला करत घाला. घट्ट सूप पातळ करता येतं, पातळ झालेल्याला इलाज नाही. घुसळून झाल्यावर शेवटी लिंबाचे चार थेंब. गोड भाजीला आंबटाची धार लागतेच.

एक सूचना. शोभेचे चिमुकले, खडबडीत, चट्ट्यापट्ट्यांचे भोपळे मिळतात, ते शोभेलाच ठेवा. त्यांच्यात कुकुर्बिटॅसिन नावाची कडू द्रव्यं असू शकतात आणि त्यांनी पोट चांगलंच बिघडतं. खायच्या भोपळ्याचाही पहिला घास कडू लागला तर थुंकून टाका. मसाला वाढवून कडवटपणा झाकायला जाऊ नका.

आणि बिया फेकल्या तर मी रागवेन. पाण्यात चोळून दोरे काढा, फडक्यावर पसरून खडखडीत कोरड्या करा, तेल-मीठ लावून 150 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. सूप होईपर्यंत निम्म्या संपतात.

आता चौदा वर्षांचे चिरंजीव. त्याचं म्हणणं मला पटतं. कात्री आणि चकमकीत कागद त्याच्यापुढे ठेवलात तर तो जाणारच. त्या वयाला धार हवी, आग हवी आणि जबाबदारी हवी. कठीण भोपळा चिरणं हे खरोखर जोखमीचं काम आहे (खाली ओलं फडकं, भोपळा सपाट बाजूवर, बोटं आत वळवलेली), ते त्याला शिकवा आणि मग त्याच्याकडेच सोपवा. मागे उभं राहून “हळू, हळू” करू नका. त्याला रताळ्याचा प्रयोगही सांगा. दोन सारखी रताळी घ्यायची. एक मायक्रोवेव्हमध्ये आठ मिनिटांत शिजवायचं, दुसरं गार ओव्हनमध्ये ठेवून आच हळूहळू वाढवत तासाभरात भाजायचं. मग डोळे मिटून दोन्ही चाखायची. दुसरं स्पष्ट गोड लागतं. रताळ्यात एक विकर (एन्झाइम) असतं, ते साधारण 60 ते 75 अंशांच्या पट्ट्यात पिष्टाची साखर करतं. रताळं त्या पट्ट्यात जितका वेळ रेंगाळेल तितकी गोडी वाढते. मायक्रोवेव्ह तो पट्टा धावतच ओलांडतो. असल्या गोष्टीला कुठलाही मुलगा ‘लहान मुलांचं’ म्हणत नाही.

धाकटीला पाइनचं ते लाकडी, खवल्याखवल्यांचं फळ द्या. कोरडं असताना त्याचे खवले उघडे असतात. तिला ते कोमट पाण्याच्या वाटीत बुडवायला सांगा आणि तासाभरानं बघायला. सगळे खवले मिटलेले असतील, मूठ आवळावी तसे. मग कोरड्या, उबदार जागी ठेवा, एक-दोन दिवसांत पुन्हा उघडतं. प्रत्येक खवल्यात दोन थर असतात, एक ओलाव्यानं जास्त फुगतो, दुसरा कमी, म्हणून खवला वाकतो. झाडाची युक्ती अशी की बी कोरड्या हवेतच बाहेर पडावं, म्हणजे लांब उडेल. फळ झाडावरून पडून कधीच मेलेलं असतं, तरी हे चालूच राहतं. माझ्या खिडकीत एक आहे. दमट दिवशी ते मिटायला लागतं आणि मी वाळत घातलेले कपडे आत घेते.

बाहेरून आणलेली अशी फळं घरात मांडण्याआधी 100 अंशांवर अर्धा तास ओव्हनमध्ये ठेवा, आतले किडे मरतात. जवळच राहा, चीक असतो, पेटू शकतो. आणि मुलांना एक नियम घालून द्या, वेचलेलं खिशात जाईल, तोंडात नाही. खायचं चेस्टनट आणि विषारी हॉर्स चेस्टनट दोन्ही तपकिरी, चकचकीत, हातात धरावीशी वाटणारी. खायच्याचं टरफल बारीक दाट काट्यांचं असतं आणि फळाला टोकदार शेंडी असते. विषारी फळ गुळगुळीत गोल, त्याच्या टरफलावर काटे विरळ आणि जाड. तरीही मुलांनी ओळखायच्या भानगडीत पडू नये, मोठ्यांनीही शंका आली तर सोडून द्यावं.

सफरचंदांसाठी वेगळी संध्याकाळ ठेवा. मार लागलेली, मऊ पडलेली आधी वापरा. नासका आंबा अढी नासवतो तसं इथेही आहे, पिकलेलं सफरचंद इथिलीन वायू सोडतं आणि शेजाऱ्यांना घाई करतं. (कडक नाशपाती लवकर पिकवायची असेल तर याच गुणाचा उपयोग होतो, कागदी पिशवीत सफरचंदाशेजारी ठेवा आणि देठाजवळ दाबून रोज बघा.) सहा सफरचंदांच्या सोललेल्या फोडी, पाव पेला पाणी, दालचिनीचा तुकडा, झाकण, मंद आच. वीस मिनिटांत ती आपोआप ढासळतात. चमच्यानं मोडा, साखर चाखल्याशिवाय घालू नका, बहुतेक वेळा लागतच नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. दोन सफरचंदं बाजूला काढून पातळ आडव्या चकत्या करा, मधोमध बियांची चांदणी दिसते. लिंबाच्या पाण्यातून काढून 100 अंशांवर दोन-तीन तास ठेवा. मधे एकदा उलटा. दोऱ्यात ओवून खिडकीत टांगा. माळ अर्धीच राहील, येता-जाता एकेक चकती कुणीतरी तोडून खाईल. शोभेच्या वस्तूंत मला तीच सगळ्यांत आवडते.

बावीस गोष्टींची यादी फाडा. मी एवढं लिहिलंय तेही सगळं करायचं नाहीये. पुढच्या आठवड्यात पाच-पाच पानं आणि एक भोपळा, बस. पान बिघडलं तर बाहेर झाडाखाली नेऊन टाका, तिथे त्याचं खत होतं. फोटो काढू नका असं म्हणत नाही, पण आधी जेवा.

एका गोष्टीबद्दल विनोद बाजूला ठेवून विचारते. ‘हुरूप मावळतो’ असं तुम्ही लिहिलंय आणि दरवर्षी असंही लिहिलंय. दिवस लहान झाले की काही माणसांना खरोखरीचं, ऋतूशी बांधलेलं नैराश्य येतं. 1984 पासून वैद्यकात त्याला स्वतंत्र नाव आहे आणि उपचारही आहेत. झोप खूप वाढली, सतत गोड किंवा पिठूळ खावंसं वाटू लागलं, आवडत्या कामातही मन लागेना आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर डॉक्टरांना भेटा. सूप त्यावर औषध नाही. आणि तसं काही नसलं तरी सकाळचा अर्धा तास बाहेरच्या उजेडात चाला. घरून काम करणाऱ्यांना तो उजेड कुणी आणून देत नाही.

नवऱ्याला काम काय द्यायचं ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. पुस्तकं उचलून आणायची, सगळ्यांत जड. आठ-दहा दिवसांनी ती त्यानंच उचलायची आणि खालचं पान आधी त्यानंच बघायचं.

राहिली पेटी. ती धाकटीच्या वर्गाला देऊन टाका, तिथे तीस मुलं मिळून गोंदात हात बरबटवतील आणि कुणी रडणार नाही. आतली कात्री आणि दोरा तेवढा काढून घ्या. माळेला लागेल.

तुमची,
ताई